विजेला वाट मिळते, उष्णता का अडते?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला कटंगी-तिरोडीचा पट्टा मँगनीजचा. राज्याची सीमा ओलांडून भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात गेले की डोंगरी बुजुर्गची खाण लागते. ‘मॉईल’ कंपनीच्या या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेल बनवणाऱ्या उद्योगाला लागते. टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी भुकटी ठासलेली असते, त्यात ते असते. पण एकटे नाही. त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात कार्बनची बारीक पूड मिसळतात. कणाला कण टेकतो आणि मधल्या कांडीपर्यंत विजेला वाट मिळते.

हीच युक्ती आता प्लास्टिकवर वापरली जाते, पण उष्णतेसाठी. एलईडी दिवा, चार्जर, सौर पंपाचा कंट्रोलर यांच्या आत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडली नाही, तर सुटे भाग लवकर निकामी होतात. त्यांपैकी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. आपल्या भागात मे महिन्यात सावलीतला पाराच चाळिशीपलीकडे असतो, हे लक्षात घ्यावे.

उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॉट प्रति मीटर-केल्विन या एककात मोजतात. याच बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला ज्याची मोठी खाण आहे, त्या तांब्याची क्षमता सुमारे 400, ॲल्युमिनियमची 235च्या आसपास, तर साध्या प्लास्टिकची जेमतेम 0.2. उत्तम प्रतीच्या ग्राफाइटमध्ये, थरांच्या दिशेने मोजले तर, ती दीड हजारांच्याही वर जाते. मग प्लास्टिकमध्ये ग्राफाइट मिसळले की काम झाले, असे वाटेल. प्रत्यक्षात हाती येते ते बहुधा एक ते वीसच्या दरम्यान.

का? कार्बनचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की कणांची साखळी जुळते आणि मिश्रण एकाएकी वीजवाहक होते. कण किंचित दूर असले, तरी इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटरची फट पार करतो. उष्णतेचे तसे नाही. ती इथे मुख्यतः अणूंच्या कंपनांतून पुढे सरकते. कार्बनच्या ताठ, घट्ट जाळीतले कंपन मऊ प्लास्टिकच्या सीमेवर पोहोचले की दोन्हींची लय जुळत नाही आणि त्याचा काही भाग मागे परततो. सीमेवरचा असा अडथळा प्योत्र कापित्झा यांनी 1941 मध्ये द्रवरूप हेलियम आणि घन पदार्थ यांच्यामध्ये मोजला होता. कार्बन-प्लास्टिकमध्ये अशा लाखो सीमा असतात आणि प्रत्येक सीमेवर उष्णतेला थोडा जकातकर भरावा लागतो.

दिशेचाही प्रश्न आहे. साच्यात प्लास्टिक दाबून भरताना ग्राफाइटचे पापुद्रे प्रवाहाबरोबर आडवे होतात. भिंतीच्या लांबीत उष्णता चांगली धावते, पण जाडीतून, म्हणजे नेमकी आतून बाहेर, कमी जाते. साच्यात प्लास्टिक कुठून सोडायचे याचाही विचार म्हणूनच करावा लागतो. कार्बन फार घातला तर वितळलेले मिश्रण घट्ट होते आणि तयार वस्तू ठिसूळ. शिवाय ते वीजवाहक असल्याने उघड्या सर्किटला टेकवता येत नाही. तिथे बोरॉन नायट्राइडसारखी वीजरोधक भुकटी घालावी लागते.

तरीही हे साहित्य मला महत्त्वाचे वाटते. पंख्याविना थंड होणाऱ्या छोट्या उपकरणात खरा अडथळा बाहेरची हवा असते. कवचाची क्षमता पाच-दहापर्यंत नेली की त्यापुढे ॲल्युमिनियम वापरूनही फारसा फरक पडत नाही. त्यात प्लास्टिक हलके, न गंजणारे आणि हव्या त्या आकारात एकाच साच्यातून निघणारे. प्रयोगशाळांतली विक्रमी आकड्यांची शर्यत चालू राहो. आपल्याला हवे आहे ते बेताच्या क्षमतेचे, स्वस्त आणि उन्हाळा सोसणारे कवच.

तोवर खरेदी करताना उपकरण किती अंश परिसर-तापमानापर्यंत चालते, हे माहितीपत्रकात जरूर पाहा. तिथे 40 लिहिले असेल, तर पत्र्याच्या खोलीत, बंद पेटीत ते बसवू नका.