माहेरापासून सुरुवात

सकाळी सहा

घरातले उठायच्या आत लोकांच्या पूर्वजांच्या नोंदी शोधण्यातलं बिनपैशांचं काम उरकून घेते. फॅमिलीसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर जगभरातल्या चर्चच्या आणि सरकारी वह्यांची छायाचित्रं आहेत. खातं उघडायला पैसे पडत नाहीत. नाव टाकून काही सापडलं नाही की लोक निराश होतात आणि दुसरीकडे वर्गणी भरून बसतात. पण छायाचित्रं घेतलेल्या सगळ्याच वह्यांतली नावं शोधयादीत चढलेली नाहीत. अशा वेळी गावाचं नाव घालून वही उघडायची आणि पानामागून पान वाचायचं. डोळे शिणतात, पण खिशाला झळ नाही.

आठ

गिरगावच्या काकूंचा फोन. त्यांना आजी-आजोबांच्या लग्नाचा दाखला हवा आहे. दोघंही गोव्याची, पण गोव्यातलं घर कधीच सुटलं. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी गोव्यातले जुने दाखले शोधणारे पुष्कळ, त्यामुळे दलालही आहेत. त्यांतल्या एकाने सांगितलेला आकडा ऐकून काकूंनी नाद सोडायचं ठरवलं होतं. मला याचंच वाईट वाटतं. दाखल्याची सरकारी फी सामान्य घराला परवडते. पैसा जातो तो शोधण्यात. तालुका ठाऊक नाही, साल ठाऊक नाही, मग दुसऱ्याने चाचपडण्यात घालवलेल्या दिवसांचे पैसे आपण भरायचे.

"काकू, आजीचं माहेर कुठलं?"

"ते बाई कुणी बोललंच नाही कधी. आम्ही तिला राधाबाई म्हणूनच ओळखतो."

"ते सासरचं नाव. नोंदीत माहेरचं असणार."

त्यांनी मावशींना विचारलं. मावशी नव्वदी ओलांडलेल्या, पण त्यांना लख्ख आठवत होतं: नाव शांता, माहेर फोंडा तालुक्यातलं केरी. थोरल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काकूंच्या कपाटात निघाला, जन्म १९३८. पुरे झालं. लग्न बहुधा नवरीच्या दारी लागायचं, म्हणून आधी फोंडा बघायचा, आणि १९३८ पासून मागे मागे जायचं. मावशींना विचारायला एक पैसाही लागला नाही.

माहेर सांगणारं कुणी उरलं नसेल, तर मी कुलदैवत विचारते. गाव विसरलेली घरं दैवत विसरत नाहीत. मात्र तिथे जपून. मंगेशीचं देऊळ आज प्रियोळला आहे, पण देव १५६० मध्ये कुठ्ठाळीहून हलवला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. घराण्याचं मूळ गाव त्या जुन्या ठिकाणी असू शकतं.

दहा

पणजीचं पुराभिलेखागार. १५९५ साली दियोगु दो कौतु या इतिहासकाराच्या हाती सोपवलेलं हे दफ्तर. इथे आलं की मला कायम एक गोष्ट जाणवते. मुंबई इलाख्यातल्या हिंदू घरांत लग्नाचा सरकारी कागद नसायचाच, पण गोव्यात १९१४ पासून हिंदू असो वा ख्रिस्ती, प्रत्येकाच्या लग्नाची नागरी नोंद व्हायची. गोमंतकीय मुळाच्या माणसाने या ठेव्याचा फायदा घ्यायलाच हवा.

पुस्तक समोर आल्यावर बहुतेक जण आडनाव शोधत बसतात. पोर्तुगीज पद्धतीच्या सूचीत माणूस पहिल्या नावाखाली सापडतो. शिवाय अक्षरं त्यांची. क हा सी किंवा क्यू खाली, श हा एक्स खाली. प्रभूचा पोरोबु होतो, कामतचा कामोतीं, लक्ष्मणचा लोशुमोन. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. त्यामुळे दोन पुस्तकांत एकच माणूस दोन तऱ्हांनी भेटतो. नाव मोठ्याने उच्चारून वाचलं की ओळख पटते.

१९३७ झालं, १९३६ झालं. १९३५ च्या सूचीत, एक्सच्या रकान्यात, शांता. नवरा बरोबर, केरी बरोबर. दोघांची वयं, धंदा, राहण्याचं गाव, साक्षीदार. आणि नवरीच्या आईचं नाव: यशोदा.

काकूंच्या घरच्या वंशवेलीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. शांताच्या आईला त्यात जागा नव्हती, शांतालाही राधाबाई होऊनच मिळाली. लग्नाची नोंद हा असा कागद आहे जिथे बाई आपल्या माहेरच्या नावानिशी, आईबापांसकट उभी असते. म्हणून मी आजोबांपासून कधी सुरुवात करत नाही.

एक

शीतकडी, आणि बार्देशची बस.

चार

एका चर्चचं कार्यालय. इथे दुसऱ्या एका घरासाठी त्यांच्यातल्या एका माणसाच्या लग्नाची नोंद शोधायची आहे. विवाहाची वही प्रत्येक पाद्रीने ठेवावी हा नियम त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ मध्ये घातला. पण मी आज विवाहाची नाही, बाप्तिस्म्याची वही मागते. १९०७ च्या पोपच्या फर्मानाने, जे १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालं, लग्न कुठेही लागलं तरी बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी त्याची टीप घालणं बंधनकारक केलं. बोटीवर नोकरी करणारा हा माणूस मुंबईत धोबी तलावच्या गावकुडीत, म्हणजे गोव्यातल्या गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचा, एवढंच घरच्यांना माहीत होतं. समासात वेगळ्या शाईने लिहिलेलं आहे: मुंबई, सोनापूरचं चर्च, १९२९. मुंबईतली चर्चं एकेक करून पालथी घालायची गरज उरली नाही. फादरांनी फी घेतली नाही. मी पेटीत दान टाकलं.

सात

दोन्ही घरांसाठी टिपण लिहिते: पुस्तकाचा क्रमांक, पान, नोंदीचा क्रमांक, साल, आणि नावं त्या पुस्तकात जशी लिहिली आहेत तशीच. हे सुधारून लिहिलं की अर्ज परत येतो. एवढा तपशील हाती असला की प्रमाणित प्रतीचा अर्ज काकू स्वतः करू शकतात. त्यासाठी दलाल नको, मीही नको. खाली एक ओळ वाढवते: यशोदाचं लग्न १९१४ च्या आधीचं असणार, त्याची नागरी नोंद मिळेलच असं नाही, मावशींना तिचं माहेर विचारा, या आठवड्यातच विचारा.