बाबांचा फोन खरंच म्हातारा झालाय का?

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा उड्या मारतच माझ्याकडे आला. ‘‘बाई, बाई! रविवारी बाबा हप्त्यांवर नवा फोन घेणार. जुना मला!’’

त्याच्या आनंदावर पाणी टाकणं जिवावर आलं, पण राहवलं नाही. विचारलं, ‘‘जुन्याला काय झालं रे?’’

‘‘बॅटरीच टिकत नाही. मुलुंडहून अंधेरीला पोचेपर्यंत निम्मी संपते.’’

अस्सं! म्हणजे दमलाय तो फोन नव्हे, बॅटरी. फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. दर चार्जिंगला ती आतून थोडी थोडी झिजते. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांबद्दल अ‍ॅपल कंपनीच सांगते, की ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरीची ताकद मूळच्या ८० टक्के उरावी, अशा बेताने ती बनवलेली असते. रोज एकदा चार्ज केलात तर ५०० दिवस कधी झाले? दीड वर्षाच्या आतच की!

याच कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं, की बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनचा वेग ती कमी करते. का, तर फोन अचानक बंद पडू नये म्हणून. लोक भलतेच चिडले. मग २०१८ साली कंपनीने कमी पैशांत बॅटऱ्या बदलून दिल्या. नवी बॅटरी बसली, की तोच फोन पुन्हा पळू लागे! (घरी स्क्रू काढायला मात्र बसू नका हं. बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. ते काम दुरुस्तीवाल्याचं.)

मग फोन खरा म्हातारा कधी होतो? फोनमध्ये चोरांना शिरता येईल अशा फटी सापडत असतात. कंपनी त्या बुजवून पाठवते, ते सिक्युरिटी अपडेट. काही वर्षांनी ते येणं थांबतं. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस २४ (२०२४) यांना सात वर्षं अपडेट देण्याचं वचन आहे, पण स्वस्तातल्या पुष्कळ फोनांना ते फार कमी वर्षं मिळतात. २०१४ च्या आयफोन ६ वर तर मे २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपही चालत नाही.

तेव्हा आईबाबांबरोबर सेटिंग्ज उघडा आणि शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर पालकहो, नवा फोन जरूर घ्या. पण जुना मुलांच्या हाती देण्याआधी त्यातलं बँकेचं सगळं काढून टाका. नुसत्या नव्या कॅमेऱ्यासाठी म्हणाल, तर व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना एरवी तो दाबून लहानच करतं!

आमच्या चौथीतल्या पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी तारीख लिहून आणली. दोनच महिन्यांपूर्वीची निघाली. रविवारी बाबांनी बॅटरी बदलून घेतली. हप्ते वाचले, पण जुना फोन काही त्याला मिळाला नाही. सोमवारपासून स्वारी माझ्याशी बोलत नाहीये.