अक्षराचे माप आणि संदेशसेवेचा हिशेब

म्हैसूर शहरातील कित्येक जुन्या वस्त्यांच्या नावांना मोहल्ला हे पद जोडलेले आढळते. त्यांपैकी लष्कर मोहल्ला हे नाव फार्सी-अरबी वळणाचे असले, तरी ते मराठी माणसाला परके वाटत नाही आणि कन्नड माणसालाही नाही. तेथील एखाद्या मराठी कुटुंबाने मोबाइलवरून आप्तांच्या गटाला आपल्या वस्तीचे हे नाव कळविले, तर संगणकाच्या साठ्यात ते देवनागरीत ३७ बाइट जागा व्यापते आणि रोमन लिपीत १५. नाव एकच, उच्चारही जवळजवळ एकच. माप मात्र सुमारे अडीचपट. हा फरक कोठून उद्भवतो, संदेशसेवेच्या हिशेबात तो कोठे उमटतो आणि तो कसा सांभाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम सेवेचे स्वरूप पाहू. संभाषणाची सोय असलेली प्रणाली रचणारा विकसक आज बहुधा स्वतःचे संगणक मांडून बसत नाही. दूरच्या केंद्रातील संगणकांचे सामर्थ्य तो भाड्याने घेतो. यालाच क्लाउड असे म्हणतात. सेवा देणारी कंपनी त्याला काही साधने मोजून देते: एका वेळी किती जोडण्या चालू राहतील, किती संदेश जातील, एक संदेश किती मोठा असेल आणि जुने संदेश किती काळ टिकतील. साधनांचे व्यवस्थापन म्हणजे या मर्यादांत राहून सेवा अखंड चालू ठेवणे होय.

या मर्यादांची मापे तीन प्रकारची असतात. पहिले संख्येचे, दुसरे काळाचे आणि तिसरे आकाराचे. स्लॅक या संभाषणसेवेच्या विनामूल्य योजनेत पूर्वी अलीकडचे १०,००० संदेश पाहता येत. २०२२ मध्ये त्याऐवजी ९० दिवसांची मर्यादा आली. पहिली मर्यादा संख्येची, दुसरी काळाची. संदेश मराठीत आहे की इंग्रजीत, याने त्या दोहोंतही फरक पडत नाही. आकाराच्या मापाचे तसे नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर सिग्नलआर या तात्काळ संदेशसेवेत २ किलोबाइटांहून मोठा संदेश एकाहून अधिक संदेश म्हणून मोजला जातो, आणि एक संदेश दहा जणांना गेला तर दहा संदेश धरले जातात. समजा, २०० जणांच्या गटाला १,००० चिन्हांचे निवेदन पाठवावयाचे आहे. इंग्रजीत ते सुमारे १,००० बाइटांचे होईल आणि २०० संदेश मोजले जातील. मराठीत, १५० रिकाम्या जागा वजा धरूनही, ते २,७०० बाइटांचे होईल आणि ४०० संदेश मोजले जातील. मजकूर तेवढाच असून खर्ची पडणारा वाटा दुप्पट होतो.

याचे मूळ सांकेतनाच्या रचनेत आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजिलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत १२७ पर्यंतच्या क्रमांकांना एक बाइट, २,०४७ पर्यंतच्यांना दोन आणि ६५,५३५ पर्यंतच्यांना तीन बाइट लागतात. रोमन अक्षरे पहिल्या गटात बसली. ग्रीक, सिरिलिक व अरबी या लिप्यांची मूळ अक्षरे दुसऱ्यात. देवनागरीचा विभाग २,३०४ पासून आणि कन्नडचा ३,२०० पासून सुरू होतो. म्हणजे दोन बाइटांची सीमा देवनागरीने थोडक्यात चुकविली, आणि म्हैसूरच्या मराठी घराला जो भार पडतो तोच त्याच्या कन्नड शेजाऱ्यालाही पडतो. १९८८ च्या इस्की या भारतीय प्रमाणकात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट पुरत असे. परंतु एका लिपीतून दुसरीत जाताना तशी वेगळी खूण करावी लागे. एकाच संदेशात मराठी, कन्नड व इंग्रजी सहज मिसळणाऱ्या शहराला युनिकोडच सोयीचे, हे मान्यच केले पाहिजे.

तथापि प्रश्न केवळ बाइटांच्या महागाईचा नाही. 'लष्कर' हा शब्द पुन्हा घेऊ. वाचकाच्या दृष्टीने त्यात ल, ष्क, र अशी तीन अक्षरे आहेत. युनिकोडच्या दृष्टीने ल, ष, हलन्तचिन्ह, क, र अशी पाच चिन्हे आहेत. साठ्याच्या दृष्टीने पंधरा बाइट आहेत. वाचकाला एकसंध दिसणाऱ्या घटकांची सीमा ठरविण्याचे युनिकोडचे नियम आहेत. त्यांनुसार २०२३ पर्यंत या शब्दाचे चार घटक होत, कारण जोडाक्षर हलन्तापाशी तुटत असे. त्या वर्षीच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड धरली गेली आणि संख्या तीनवर आली. वैयाकरणांना जे प्रथमपासून ठाऊक होते, ते यंत्राच्या नियमांत यावयास इतका काळ लागला.

चुकीच्या मापाने होणारे नुकसान दृश्य असते. मोबाइलवर झळकणाऱ्या सूचनेत संदेशाचा आरंभीचा भागच दाखवावयाचा असतो. तो नऊ बाइटांवर कापला तर 'लष्' एवढेच उरते. दहा बाइटांवर कापला तर 'क'चा एक तुकडा मागे राहतो आणि पडद्यावर निरर्थक खूण उमटते. मराठीतील 'तऱ्हा' या शब्दाची अडचण आणखी निराळी आहे. त्यातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो: एका प्रकारे शब्द पंधरा बाइटांचा, तर अदृश्य संयोजक वापरल्यास अठरा बाइटांचा होतो. डोळ्यांना दोन्ही एकच. परंतु यंत्राला ते दोन शब्द वाटतात आणि जुन्या संभाषणांत शोध घेताना एक सापडतो, दुसरा निसटतो.

यावरून व्यवस्थापनाची काही पथ्ये निघतात. लिहिणाऱ्याला दाखवावयाची मर्यादा अक्षरांत असावी. बाइटांची मर्यादा पडद्याआड, पुरेशी सैल ठेवून पाळावी. मजकूर कापावयाचा तर अक्षराच्या सीमेवरच कापावा. पाठविताना प्रत्येक चिन्हाचे सहा रोमन चिन्हांत रूपांतर करण्याची सवय काही प्रणालींत आहे. तीमुळे 'लष्कर' ३० बाइटांचा होतो, म्हणून ती टाळावी. साठविलेला मजकूर आक्रसून ठेवावा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हात आरंभीचे बाइट जवळजवळ तेच येत असल्याने तो चांगला आक्रसतो. पर्यायी लेखनरूपे साठविण्यापूर्वी एकरूप करावीत.

हस्तलिखितांच्या काळी ३२ अक्षरांचा एक ग्रंथ धरून पोथीची ग्रंथसंख्या काढीत आणि लेखनिकाचा मोबदलाही त्या मानाने ठरे. मोजमाप तेव्हाही होते, परंतु मोजण्याचे एकक भाषेतून घेतलेले होते. आजच्या संदेशसेवांत ते एकक यंत्रातून आलेले आहे आणि ज्या भाषांची सोय आधी पाहिली गेली त्यांना ते स्वस्त पडते. अक्षर म्हणजे काय, जोडाक्षराची सीमा कोठे, कोणती दोन रूपे एकच मानावीत, या प्रश्नांची उत्तरे विकसकाने एकट्याने द्यावीत अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. ती भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी द्यावयाची आहेत. ती दिली गेली नाहीत, तर यंत्र आपल्या मापाने ती ठरवीतच राहील.