भट्टीपासून कारखान्यापर्यंत : ताप्ती खोऱ्यातील धुलाईच्या उद्योगाची हकीकत

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नंदुरबार मागे टाकले की दोंडाईचा लागते, आणि तेथून शिंदखेडा, नरडाणा अशी स्थानके घेत गाडी अमळनेरास पोहोचते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वेने हा मार्ग घातला, आणि ज्या मुलखातील कापूस, भुईमूग व मिरची पूर्वी बैलगाडीच्या चाकांवर कुरकुरत बाहेर पडे, त्या मुलखात जिनिंगचे कारखाने आले, कारखान्यांमागोमाग इंजिने आली, आणि इंजिनांमागोमाग त्यांचे बिघाड दुरुस्त करणारे लोहार, सुतार व फिटर आले. दोंडाईचाचे नाव बाजारपेठेत मिरचीमुळे गाजले; परंतु कपडे धुण्याच्या व्यवसायाला ज्या जिनसांवाचून गत्यंतर नाही त्यांपैकी साबण आणि खळ या दोहोंशी या एकाच लोहमार्गावरील गावांचा निकटचा संबंध आहे, ही गोष्ट खानदेशाच्या औद्योगिक इतिहासात अद्याप नीटशी मांडली गेलेली नाही.

गावगाड्यात धुलाईचे काम परिटाकडे होते आणि तो बारा बलुतेदारांपैकी एक होता. सज्जीखार अथवा पापडखार, रिठा, पुढे बाजारात आलेला सोडा, नीळ, तांदळाची पेज, नदीकाठचा दगड आणि कोळशाची इस्तरी एवढ्या साधनांवर तो संसार चालवी. खारात भिजवलेले कपडे भट्टीवर रचून वाफेने शिजवणे हे या विद्येचे मर्म होय. कोणत्या कापडाला किती खार सोसतो, कोणता रंग वाफेत टिकतो आणि कोणता उतरतो, हे ज्ञान ग्रंथांत नसून पिढीजात हातांत होते. ज्या समाजात १८७६ साली शेंडगावी गाडगेबाबांचा जन्म झाला, त्या समाजाच्या या हुन्नराकडे इतिहासकारांनी उद्योग म्हणून पाहिले नाही याचे मला मनापासून दुःख वाटते. परिटाचे वेतन सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे, त्यामुळे एका कपड्याच्या धुलाईला किती श्रम, किती इंधन व किती पाणी लागते याचा हिशेब कोणाच्याच कीर्दीत उतरला नाही. आणि माझ्या मते आपल्याकडे धुलाईचे यंत्र उशिरा येण्याचे मोठे कारण हेच आहे, कारण जेथे श्रमाची किंमत लिहिली जात नाही तेथे श्रम वाचवण्याची बुद्धी सहसा उपजत नाही.

या पार्श्वभूमीवर अमळनेरची हकीकत पाहावी. प्रतापशेठांच्या कापडगिरणीमुळे व तत्त्वज्ञान मंदिरामुळे नावारूपास आलेल्या या बोरीकाठच्या गावी महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, आणि २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने कंपनीची नोंदणी झाली. भुईमूग पिकवणारा मुलूख आणि दाराशी रेल्वे, ही स्थाननिवड व्यापाऱ्याच्या नजरेची साक्ष देते. प्रथम दाण्याचे तेल काढावयाचे, मग त्यातील आम्ल कॉस्टिक सोड्याने वेगळे करावयाचे, आणि शुद्ध झालेल्या तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडून ते गोठवावयाचे, असा वनस्पती तुपाचा विधी असतो. यांतील मधल्या पायरीवर जो साबणासारखा चिकट गाळ उरतो तो फेकून द्यावा तर नुकसान, आणि कढवून साच्यात घालावा तर कपडे धुण्याचा साबण. अमळनेरचा ‘७८७’ हा धुलाईचा साबण असा तेलाच्या पोटी जन्मला. अवशिष्टातून जिन्नस निर्माण करण्याची ही दृष्टी ज्या कारखानदारास लाभली त्याचाच कारखाना पुढे वाढतो, असा अनुभव आहे.

१९६६ साली वडिलांच्या आकस्मिक निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परतले. तोवर भुईमुगाची खरेदी अनुभवी माणसाच्या जिभेवर चाले; तो दाणा चावून तेलाचा अंदाज बांधी. नव्या मालकाने नमुना काढून त्यातील तेल व ओलावा मोजण्याची पद्धत घातली. वरवर हा बदल क्षुद्र दिसतो. परंतु कौटुंबिक पेढी आणि कारखाना यांमधील सीमारेषा मला येथेच दिसते. पुढे याच कंपनीने हायड्रॉलिक सिलिंडर केले, १९७७ मध्ये नाव बदलून ‘विप्रो’ धारण केले, संगणक केले, आणि कंपनीचे समभाग जपून ठेवणारी अमळनेरची साधी कुटुंबे कालांतराने श्रीमंत झाली.

दोंडाईचाचा भाग याहून थोडक्यात सांगता येतो, पण तो कमी महत्त्वाचा नाही. येथील रावल या जहागीरदार घराण्याच्या पुढाकाराने १९७३ साली ‘युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड’ ही मक्यापासून स्टार्च काढणारी कंपनी स्थापन झाली. मका गंधकाच्या वायूने आम्ल केलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात, भरडून त्याचा कोंब अलग करतात, चाळून तंतू काढतात, आणि शेवटी वेगाने फिरणाऱ्या यंत्रात प्रथिने व स्टार्च वेगवेगळे करतात. मक्याचा हा स्टार्च गिरणीत ताण्याच्या सुतास खळ म्हणून चढतो आणि धुलाईच्या दुकानात सदऱ्याच्या कॉलरला ताठपणा आणतो; परिटाच्या घरच्या पेजेचे काम येथे टनावारी होऊ लागले.

साबण आला, खळ आली. यंत्र मात्र अन्यत्र घडले, आणि तेही धुलाईशी संबंध नसलेल्या घरी. जर्मनीत १८९९ साली कार्ल मिले व राइनहार्ड झिंकान यांनी अकरा कामगारांनिशी दुधातून साय काढण्याची यंत्रे करावयास घेतली. त्यातून लोणी घुसळण्याचे लाकडी पिंप निघाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच पिंपाच्या धर्तीवर कपडे घुसळण्याचे यंत्र. अमेरिकेत आयोवा प्रांतातील न्यूटन गावी मेटॅग यांचा कारखाना शेतीची अवजारे करी. हंगाम सरल्यावर माणसे रिकामी बसू नयेत म्हणून १९०७ साली त्याने धुलाईचे यंत्र केले. आपल्या देशातील ‘आयएफबी’ची हकीकत याच जातीची आहे : १९७४ साली ‘इंडियन फाइन ब्लँक्स’ या नावाने, स्विस कंपनीच्या सहकार्याने, धातूचे सूक्ष्म अचूक सुटे भाग कापणारी ही कंपनी पुढे बॉशच्या साहाय्याने घरगुती धुलाई यंत्रांकडे वळली, आणि आज हॉटेले व रुग्णालये यांच्या मोठ्या धुलाईगृहांची यंत्रेही करते.

हंगामापुरते चालणारे जिन आणि उरलेले महिने हाताला काम शोधणारा फिटर आपल्या खानदेशातही होता. मेटॅगला जी अडचण होती तीच त्याला होती. उणीव हुन्नराची नव्हती, त्याच्या वस्तूला गिऱ्हाईक नव्हते, कारण परिटाचे श्रम जवळजवळ फुकट मिळत होते. हा निर्णय मी पूर्ण विचारान्ती देत आहे. तो तपासावयाचा तर कागद हवेत, आणि ते कागद सरकारी दप्तरांत सापडणार नाहीत, घराघरांतील माळ्यांवर सापडतील. म्हणून दोंडाईचा, नंदुरबार, शिंदखेडा व अमळनेर येथील ज्या कुटुंबांत जुन्या कार्यशाळेच्या अथवा धुलाईच्या दुकानाच्या कीर्द-खतावण्या, पावत्या आणि यंत्रांचे आराखडे असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेच्या स्वाधीन करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.