तेल गाळणारा कागद

मोटरसायकलच्या इंजिनात तेलासोबत धातूचा बारीक कीसही फिरतो. घड्या घातलेला कागदी फिल्टर तो अडवतो. फिल्टर तुंबला की बहुतेक गाड्यांत बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेलच बेअरिंगकडे जातं. गाडी चालत राहते, झीज वाढते. कळत काहीच नाही. म्हणून फिल्टर बदलण्यातली टाळाटाळ मला धोक्याची वाटते. (जुन्या स्प्लेंडरमध्ये कागदी फिल्टर नसतोच, क्रँकशाफ्टसोबत गरगरणारा फिल्टर कचरा कडेला फेकतो.)

घरी तेल आणि फिल्टर बदलताना इंजिन कोमट असू द्या, तेल पातळ होऊन नीट उतरतं. नवा फिल्टर जुन्याच्याच दिशेने बसवा. नव्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावा. बोल्ट बेताने आवळा. ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात. जुनं तेल गटारात नको, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.