करडा-कोकरांचा स्वस्त खुराक

करडाच्या तोंडचं दूध विकण्याचा हिशेब दिसतो फायद्याचा. पण करडूच दगावलं तर? जन्मल्यावर तासाभरात चीक पाजाच; त्याला पर्याय नाही. पुढचे दोन-तीन आठवडे मुख्य आहार दूधच, कारण चारा पचविणारे मोठे पोट अद्याप तयार झालेले नसते. काटकसर करायची ती त्यानंतर. मात्र बांधावरच्या शेवरीचा कोवळा पाला दुसऱ्या आठवड्यापासूनच टांगून ठेवा. पिले खेळता खेळता कुरतडतात, आणि त्यानेच पोट चाऱ्याला सरावते. जोडीला तुरीची चुणी, थोडी भुईमुगाची पेंड. (बुरशी आलेली पेंड फुकट मिळाली तरी नको!) सुबाभूळही चांगली, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच घाला, तिच्यातल्या मायमोसीनने केस गळतात. दूध तोडावे ते साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि तेही हळूहळू.