चैत्रांतील डोह आणि सहकुटुंब मत्स्यविनोद

रब्बीचा गहू व हरभरा खळ्यांतून घरीं आला, कांद्याची काढणी आटोपली आणि गुढी उभारून झाली, म्हणजे निरगुडसर व आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यास वर्षांतून क्वचित् लाभणारी चार दिवसांची उसंत मिळते. मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात. गांवोगांवच्या यात्रांनिमित्त मुंबई-पुण्यास राहणारीं भाऊबंदांचीं कुटुंबें घरीं येतात. आणि मग कोणीतरी सुचवितें कीं, एक दिवस नदीवर जाऊं, गळ टाकूं, तेथेंच चूल मांडूं. ही सूचना निघतांच लहानमोठीं सर्व माणसें तयारीस लागतात. शेतीच्या मासिकांत अशा सहलीविषयीं लिहिण्याचें प्रयोजन काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. प्रयोजन असें कीं, ज्या ऋतूंत आपण नदीवर जातों त्याच ऋतूंत नदीचें पुढील वर्षाचें बियाणें उघड्यावर पडलेलें असतें; आणि बियाण्याची किंमत शेतकऱ्यास कोणीं शिकवावयास नको.

मासे धरणें ही करमणूकहि आहे, ही कल्पना साहेब लोकांनीं आणिली असा समज पुष्कळांचा आहे. तो खरा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाचें प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, गळ, दोरी व काठी यांचें वर्णन आलें आहे. पुढें सात शतकांनीं, १८३९ सालीं, कर्नल साइक्स यानें दख्खनच्या माशांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां त्यानें येथील लोकांच्या तोंडचींच नांवें घेऊन शास्त्रीय नांवें बनविलीं. पुण्याजवळ मुळा-मुठेंत सांपडलेल्या मोठ्या खवल्यांच्या माशास त्यानें 'खुद्री' म्हटलें, व तो मासा आज जगभर शास्त्रज्ञांत त्याच नांवानें ओळखला जातो. आपल्याकडे त्यास खडशी किंवा महाशीर म्हणतात. सारांश, नदीचें ज्ञान आपल्या घरचेंच होतें. तें विसरूं नये एवढेंच.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. पाऊस उघडला कीं आपल्या नद्यांची धार बारीक होत जाते, आणि चैत्रांत पाणी उरतें तें डोहांत व बंधाऱ्यांच्या फुगवट्यांत. घोड नदीवर डिंभें येथें धरण झाल्यापासून आवर्तनाच्या पाण्यानें व कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांनीं नदी पूर्वीपेक्षां अधिक दिवस ओली राहते, हें खरें. तथापि उन्हाळ्यांत पाणी आकसण्याचा क्रम चुकलेला नाहीं. पावसाळ्यांत कोसच्या कोस पसरलेले मासे या वेळीं थोडक्या जागीं गोळा होतात. म्हणूनच चैत्रांत गळ टाकणें सोपें जातें, आणि म्हणूनच चैत्रांत केलेली नासधूसहि सर्वांत मोठी ठरते.

रोहू, कटला व मृगळ हे मासे सांचलेल्या पाण्यांत वीत नाहींत. मृगाच्या पुढें नदीस लोंढा येतो, तेव्हां ते प्रवाहाविरुद्ध चढूं लागतात आणि कांठच्या उथळ, गढूळ पाण्यांत अंडीं घालतात. पहिल्या पावसांत ओढ्यानाल्यांतून चढणारे वलगणीचे मासे आपण सर्वांनीं पाहिले आहेत. रोहूच्या मादीच्या पोटांत एका किलो वजनामागें लाखाहून अधिक अंडीं असतात. खडशीच्या पोटांत मात्र कांहीं हजारच. जीं माशांचीं जोडपीं चैत्रापर्यंत तगलीं, तींच ज्येष्ठ-आषाढांत नदी पुन्हां भरणार. अर्थात् चैत्रांतील डोह म्हणजे नदीची कणगी आहे. कणगींतलें बियाणें दळून भाकरी केली तर ती गोड लागेल. पण पेरणीच्या दिवशीं मूठ रिकामी राहील.

गतवर्षींचीच गोष्ट. चैत्राच्या वद्य पक्षांत आमच्या घरचीं माणसें नदीवर गेलीं होतीं. दुपार कलतां आमच्या पुतण्याच्या गळास सुमारें तीन किलोंचा मृगळ लागला. मुलांनीं टाळ्या पिटल्या. आमच्या थोरल्या वहिनी मासा कापावयास बसल्या. पोट फोडतांच गाबोळी निघाली, ती ओंजळींत मावेना. वहिनी क्षणभर थांबून आम्हांस म्हणाल्या, "भावजी, आपण तर बियाणंच कापलं की." त्या दिवशींचें कालवण कोणास गोड लागलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल, तें सर्वांनीं खाल्लें. परंतु त्या शब्दांचा सल राहिला, आणि यंदा नदीवर जाण्यापूर्वीं आम्हीं घरांत कांहीं नियम ठरविले. तेच वाचकांपुढें ठेवितों.

पहिला नियम, काय घ्यावें व काय सोडावें. चिलापी हा मासा मूळचा आफ्रिकेंतील. तो १९५२ सालीं भारतांत आणला गेला व आतां बहुतेक तळ्याधरणांत माजला आहे. तो सांचलेल्या पाण्यांतच वारंवार वितो, अंडीं व पिलें तोंडांत धरून वाढवितो, आणि देशी माशांचें खाद्य व जागा बळकावितो. हा मासा गळास लागेल तितका खुशाल घ्यावा. मुलांच्या हातीं तोच बहुधा लागतो व चवीसहि वाईट नसतो. उलट, पोट फुगलेली रोहू-मृगळाची मादी व कोणतीहि खडशी परत पाण्यांत सोडावी. मरळ आपल्या पिलांची राखण करितो. पाण्याच्या पृष्ठावर तांबूस पिलांचा पुंजका दिसला, तर त्या जागीं गळ टाकूं नये. आईबाप गेले कीं सबंध वीण इतर माशांच्या तोंडीं पडते. अंगठ्याएवढीं पिलेंहि घेऊं नयेत.

दुसरा नियम, साधनांचा. बांबूची काठी, दोरी, एकच गळ, आणि आमिषास गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढें कुटुंबास पुरें आहे. गळाच्या टोकाजवळचा उलटा कांटा पकडीनें ठेचून टाकावा, म्हणजे सोडावयाच्या माशाचें तोंड फाटत नाहीं. मासा हातीं घेण्यापूर्वीं हात ओले करावे. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व जखम चिघळते. त्यास पाण्याबाहेर क्षणभरच ठेवावें. भर दुपारीं उथळ पाणी तापतें, त्यांतील प्राणवायु कमी होतो, आणि सोडलेला मासा जगत नाहीं. यास्तव गळ सकाळीं व ऊन कलल्यावरच टाकावा, मधला वेळ सावलींत काढावा.

तिसरा नियम, निषेधाचा. सुरुंगाची दारू, विष आणि विजेचा झटका हीं तिन्ही साधनें मासे धरण्याचीं नव्हत, डोह मारण्याचीं आहेत. त्यांनीं मोठ्या माशांबरोबर पिलें, अंडीं व माशांचें खाद्य असलेले किडे एकदम मरतात. दारू व विष यांस १८९७ सालच्या मत्स्यविषयक कायद्यानेंच मनाई केली होती, आणि ती मनाई आजहि आहे. पंपाच्या तारेस आंकडा लावून पाण्यांत वीज सोडणारा मनुष्य माशांबरोबर आपलाहि जीव घालवूं शकतो. असा प्रकार कोणी पाहुणा करूं पाहील तर यजमानानें भीड न धरतां त्यास थांबवावें.

चौथा नियम, दुसऱ्याच्या हक्काचा. नदी सर्वांची असली तरी तिच्या माशांवर पोट असणारीं कुटुंबें निराळीं आहेत. जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांस दिलेला असतो. डिंभें धरणाचा जलाशय, ज्यास आपल्या तालुक्यांतील महाळुंगें पडवळ गांवच्या हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलें आहे, तेथें जमिनी बुडालेल्या आदिवासी कुटुंबांनीं आपली मच्छीमार सहकारी संस्था उभारून जाळीं व होड्या यांवर संसार सांवरले. ज्या पाण्यानें त्यांचीं शेतें गेलीं त्याच पाण्यावर आपलीं शेतें भिजतात, हें आपण बागाइतदारांनीं ध्यानांत ठेविलें पाहिजे. तेथें गळ टाकण्यापूर्वीं संस्थेच्या माणसांस विचारावें, आणि आपला गळ रिकामा राहिला तर त्यांच्याकडूनच मासे विकत घ्यावे. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

कोणी म्हणेल, सरकार मत्स्यबीज सोडतें, मग एवढी चिंता कशास? १० जुलै १९५७ रोजीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं कटक येथें संप्रेरकाच्या टोंचणीनें माशांची वीण घडवून आणली, तेव्हांपासून रोहू-कटल्याचें बीज मुबलक झालें, हें खरें. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रांत खडशीचेंहि बीज तयार झालें. परंतु तेंच बीज कावेरींत सोडल्यावर तेथील मूळची महाशीर मागें हटली, असें पुढें आढळून आलें. परगांवचें बियाणें आणून गांवठी वाण गमावल्याचा अनुभव आपणांसहि आहेच. कोळस, वाम, शिंगटा अशा आपल्या नदीच्या माशांचें बीज बाजारांत मागूं म्हटलें तरी सहसा मिळावयाचें नाहीं. त्यांची कणगी डोह हीच.

डोह राखण्याची ही रीत आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. देहूस इंद्रायणीच्या डोहांतील मासे मारावयाचे नाहींत असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या होता. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथें देवीचे म्हणून मासे राखिले जातात. पूर्वजांनीं जें देवाच्या नांवानें साधिलें तें इतर देश कायद्यानें साधितात. अमेरिकेंत वसंत ऋतूंत सहकुटुंब तंबू ठोकून गळ टाकण्याची मोठी हौस आहे. पण त्यासाठीं परवाना काढावा लागतो, कित्येक ठिकाणीं विणीच्या काळांत मासेमारी बंद असते, आणि १९५० सालच्या एका कायद्यान्वयें मासेमारीच्या साहित्यावरील कराचा पैसा माशांच्या संवर्धनाकडेच वळविला जातो. हौस करणाऱ्यानेंच राखणीचा खर्च सोसावा, हें तत्त्व आम्हांस न्याय्य वाटतें.

शेवटीं मुक्कामाविषयीं. नदीकांठीं तळ द्यावा तो दिवसाचा, रात्रीचा नको. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत बिबट्या आतां उसाच्या फडांतच वितो व पिलें वाढवितो. माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा केंद्र चालवावें लागतें, यावरूनच प्रसंग ओळखावा. ऊन वर आल्यावर निघावें, दिवस मावळण्यापूर्वीं परतावें, उसाच्या कडेस बसूं नये, आणि मुलांस शौचास एकटें पाठवूं नये. खालीं बसलेलें मूल बिबट्यास सावजासारखें दिसतें. रात्रीं एकत्र राहण्याची हौस असेल तर गांवांत, चार भिंतींच्या आंत राहावें. जेथें वाळूचा उपसा झाला आहे तेथें गुडघाभर पाण्यापुढें पुरुषभर खड्डा असतो. म्हणून आधीं काठीनें तळ चांचपावा, व पोहणारा जाणता मनुष्य मुलांजवळ बसवावा. धरणाचें आवर्तन केव्हां सुटणार याची चौकशी करून जावें, कारण पाणी कांहीं वेळांतच चढतें. पंपांच्या तारांपासून दूर राहावें. चूल वाळूंत मांडावी, वाळल्या गवतांत वा काडांत नव्हे, आणि निघतांना ती पाण्यानें पुरती विझवावी. ज्या घरीं माळ आहे, तेथील मंडळींनीं पिठलें-भाकरी घेऊन यावें. डोहाकांठची सावली व मुलांचा आनंद त्यांच्या वाट्यासहि तितकाच आहे.

यंदा आमच्या मंडळींनीं या नियमांप्रमाणें एक दिवस काढला. दहा-बारा चिलापी मिळाल्या. त्या तव्यावर भाजून झाल्या. एक भरल्या पोटाची मृगळाची मादी गळास लागली, ती त्याच पुतण्यानें ओल्या हातांनीं पाण्यांत सोडली. आणि ती खोल गेलेली पाहून मुलांनीं गतवर्षींइतक्याच टाळ्या पिटल्या. मृगाचा पाऊस होईल, नदीस लोंढा येईल, तेव्हां ती चढेल. वाचकांनीं आपापल्या गांवच्या डोहाविषयीं असाच विचार करावा, आणि जमल्यास पावसाळ्यापूर्वींच्या ग्रामसभेंत हा विषय काढून एक तरी डोह चैत्रापासून आषाढापर्यंत राखून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.